प्लॅटिपसची जागा

संग्रहालयाच्या भिंतीवर प्राण्यांचा वंशवृक्ष रंगवायचं काम तिला मिळालं, तेव्हा "चला, एकदाची कुठेतरी चिकटली," असा टोमणा वहिनीनं मारून घेतला होता. त्यामुळे शिडीवर असताना खालून कुणीतरी "हा इथे नाही चालणार" म्हटल्यावर तिला वाटलं, हेही काम गेलं.

दचकून वळताना ब्रश निसटला आणि खालच्या माणसाच्या खांद्यावर हिरवा पट्टा उमटला. तो संग्रहालयात नुकताच रुजू झालेला प्राणिशास्त्रज्ञ होता. शर्टाकडे त्याचं लक्षच नव्हतं — नजर प्लॅटिपसवर होती. तिनं तो बदकं आणि मगरींच्या मधोमध रंगवला होता.

"चोच आहे, अंडी घालतो... मग कुठे ठेवू?" तिनं फणकाऱ्यानं विचारलं.

"सस्तनांत. अंगावर केस आहेत. पिल्लांना दूध पाजतो... म्हणजे, पाजते. आई."

प्लॅटिपसच्या मादीला स्तनाग्रं नसतात, दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लं ते चाटतात, हे सांगताना त्याचे कान लाल झाले. तिला हसू आवरेना.

उद्घाटन तोंडावर आलं होतं. प्लॅटिपस पुसून सस्तनांच्या फांदीवर, अगदी सुरुवातीला फुटलेल्या डहाळीवर न्यायचा होता. शेजारी त्याचा काटेरी भाऊबंद एकिडनाही हवा होता. प्राणिशास्त्रज्ञ रोज दुपारी मदतीला यायचा. शिडी धरायचा, रंग कालवायचा, नको तिथे बोट बुडवायचा. बाहेर पाऊस रेंगाळायचा आणि आत त्यांच्या गप्पा. एकदा तिनं आपल्या मोडलेल्या लग्नाचं सांगितलं. तो समजूत घालायला गेला नाही. तिच्या हातातला वाळलेला ब्रश घेतला आणि मुकाट्यानं धुऊन आणला. त्या दिवसापासून ती दुपारची वाट पाहू लागली.

मग त्याला दूरच्या एका नदीकाठी, प्लॅटिपसच्या पाहणीसाठी पाठवायचं ठरलं. मुक्काम लांबणार होता. त्यानं हे सांगितलं तेव्हा ती एकिडनाचे काटे रंगवत होती. हात थांबला.

"जा ना," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"जाणार आहेच. पण..." तो शिडीच्या दांड्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "तिथे चित्रकारही हवाय. मी तुमचं नाव सुचवलं नाही. आधी तुम्हाला विचारायचं होतं — कामाचं नाही... माझं."

ती सावकाश खाली उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"कामाचं माझं मी बघेन, अर्ज करेन. आणि तुझं... हो."

त्या 'तुझं'वर तो इतका गडबडला, की 'हो' त्याला पुन्हा एकदा विचारून घ्यावं लागलं.