तिसरी जोडणी

जिन्याखालच्या खोलीत एक पंखा, एक खुर्ची आणि एक मशीन होतं. हृदयरोग विभागातल्या अकरा खाटांचे ठोके वायरीवाटे या मशीनमध्ये येत आणि इथून वर सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर जात. मशीन सांभाळणाऱ्या बाईला सगळं रुग्णालय कॉम्प्युटरवाली म्हणे. नाव विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती, आणि तिनेही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. पण गेले चार दिवस नऊ नंबरच्या खाटेवर तिचे वडील होते, आणि या चार दिवसांत तिला मशीनचा जेवढा राग आला तेवढा आधीच्या चार वर्षांत आला नव्हता.

मशीन चालू केलं की ते आधी एक फाइल वरून खाली वाचे आणि तिच्यात लिहिलेली एकेक नेटवर्क जोडणी उठवी. पहिली खाटांकडची. दुसरी सिस्टरच्या टेबलाकडची. तिसरी कशाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मशीनच्या मागे वायरी दोनच होत्या. तरी मशीन दर वेळी तिसरीची दीड मिनिट वाट बघे, ती आली नाही म्हणून पडद्यावर तक्रार करी आणि मगच ठोके दाखवू लागे. काल ते अडकलं. बंद करून चालू करावं लागलं, आणि तेवढा वेळ वडिलांच्या ठोक्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती खाली सेकंद मोजत बसली होती.

तिसऱ्या ओळीच्या वर आधीच्या माणसाने लिहून ठेवलं होतं, ‘काढू नये. वाट बघू द्यावी.’

या माणसाला सगळे एरंडेल म्हणत, त्याच्या चेहऱ्यावरून. तो आता निवृत्त होऊन घरी होता. दुपारी तिने त्याला फोन लावला. जेवणावरून उठवलं म्हणून त्याने आधी तिला झाडलं, मग तिच्या शिक्षणाची चौकशी केली, तीही कुजकटपणे.

“त्या तिसऱ्या जोडणीवर आजवर कधी कुणी आलंय का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग ठेवायची कशाला?”

“तिथे त्याची जागा राखून ठेवलीय, म्हणून ते दुसऱ्याची घेत नाही. काढलीस तर मला फोन करू नकोस.”

म्हातारपणी माणसाचं डोकं असं चालतं, असं म्हणून तिने फाइलची प्रत ठेवली, ओळ काढून टाकली, वर सिस्टरला कळवलं आणि मशीन बंद करून चालू केलं. चाळीस सेकंदांत अकरा खाटा हजर झाल्या. ती खुर्चीत मागे रेलली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

पाच मिनिटांनी वरून सिस्टरचा फोन आला. मशीन चालू झाल्यावर वडील तोंड धुवायला उठले होते, तेव्हा छातीवरच्या वायरी काढल्या होत्या. आता पुन्हा लावल्या तर खाटेचं यंत्र त्या घ्यायला तयार नव्हतं. ‘हा पत्ता आधीच वापरात आहे,’ एवढंच त्यावर दिसत होतं.

प्रत्येक खाटेला मशीनने एकेक पत्ता दिलेला असे. तिने यादी उघडली. नऊ नंबरच्या पत्त्यावर कुणीतरी होतं. यंत्राचा क्रमांक असतो तिथे कोरं होतं, पण ठोके येत होते. मिनिटाला साठ. एकही पुढेमागे नाही.

ती जिना चढून वर गेली. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी होती. सुरळीत चाललेल्या गोष्टीत हात घालायची हौस तुम्हा लोकांना फार, असं तिने चार रुग्णांसमोर सुनावलं. वडील खाटेच्या अगदी कडेला अंग चोरून पडले होते. वायरी त्यांच्या छातीवरच होत्या.

“बाबा, असे कडेला का? पडाल ना.”

“काय करू बाळ,” ते हळूच म्हणाले. “कुणीतरी सरक सरक म्हणतंय.”

तिने गादीच्या मोकळ्या भागावर हात ठेवला. चादर खाली दबलेली होती आणि गार होती.

ती धावतच खाली आली. तिने प्रतीतून ती ओळ जशीच्या तशी परत घातली. मशीन सुरू केलं.

पहिली जोडणी उठली.

दुसरी उठली.

तिसरीची वाट बघणं सुरू झालं. दहा सेकंद. तीस. ऐंशी. ही तक्रार वाचायला ती आयुष्यात कधी एवढी आसुसली नव्हती.

तक्रार आली नाही. तिसरी जोडणी उठली.

यादीत बारा खाटा होत्या. बाराव्या खाटेचे ठोके मंद होते, पुढेमागे पडत होते.

ती वर पोचली तेव्हा सिस्टर चक्क हसत होती. नऊ नंबरचे ठोके छान येत होते, मिनिटाला साठ, एकसारखे. डॉक्टर जाता जाता पडदा बघून गेले होते आणि उद्या घरी न्या म्हणाले होते. वडील खाटेच्या बरोबर मध्ये ताठ बसले होते. ती जवळ गेली, तशी त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती जन्मल्यापासून त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

“आता ते मशीन परत बंद करू नका तुम्ही,” ते म्हणाले.

ती तिथेच उभी राहिली. बाबा तिला तुम्ही म्हणाले होते.

मागे टेबलावर घंटा वाजली. रुग्णाने खाटेजवळचं बटण दाबलं की वाजते ती. सिस्टरने पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“बारा नंबर? आपल्याकडे बारा नंबर कुठंय?” ती कॉम्प्युटरवालीकडे वळली. “तुझ्या त्या फाइलमधली भानगड असणार. जा, काढून टाक आधी ते.”

घंटा थांबली. मग पुन्हा वाजली, थोडीशीच, दाबणाऱ्याच्या बोटात जोर उरला नसावा तशी.