एक अब्ज सात

ठाकूरद्वारच्या त्या वाडीत जिन्याखाली एक फळा आहे. पाणी कधी जाणार, गणपतीची मीटिंग कधी, असलं काहीबाही त्यावर लिहितात. निवृत्त गणितशिक्षक हेरंब दातार मेंदूच्या झटक्यातून घरी परतले तेव्हा बोलणं-चालणं शाबूत होतं, आकडे मात्र पार पुसले गेले होते. नऊ आणि सात किती, विचारलं की माणूस कावराबावरा. जन्मभर गणित शिकवलेला माणूस हो!

"आकडे परत आले नाहीत तर मी उरलो कशाला?" ते मुलीला, नूपुरला म्हणाले.

मग एका दुपारी चारला फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी '१५' लिहिलं. दातारांनी तासभर डोकं खाजवून खाली '३ × ५' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ७७. मग २२१. महिन्याभरात सहा आकडी संख्या. दातार अवयव पाडत गेले आणि डोकं पूर्वीसारखं चालू लागलं.

लिहितं कोण? वाडीत कुणी कबूल होईना. एकदा दातार स्वतः समोर खुर्ची टाकून बसले. शिंक आली, डोळे मिटून उघडले, तेवढ्यात संख्या हजर. खडूची भुकटी अजून खाली पडत होती.

दातारांनी हात जोडले. "कुणी का असेनास, तुझे उपकार फिटायचे नाहीत. आता मीही तुला एक देतो."

आणि इथं जुनी खोड आडवी आली. वर्गातल्या हुशार पोरांची जिरवायला ते न फुटणारी संख्या द्यायचे. सवयीनं हात तसाच चालला: १,००,००,००,००७. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही.

घरी आल्यावर जीभ चावली. "अगं, ज्यानं मला उभं केलं, त्यालाच मी फसवलं!"

पुसायला धावले, तर खाली बारीक अक्षरात सुरुवात झालेली. २, शेष १. ३, शेष २. ५, शेष २. ७, शेष ६.

'पुरे, माझी चूक झाली' असं दातारांनी लिहिलं. पण भागाकार थांबेनात. फळा भरला, भिंत भरली, जिना भरला.

"एकतीस हजार सहाशे सात," दातार म्हणाले. "वर्गमुळाच्या आतली शेवटची मूळ संख्या. तिथवर भाग गेला नाही, की संपलं. पुढे तपासायची गरजच नाही."

अकराव्या दिवशी तो आकडा त्यांच्या उंबऱ्यावर आला.

३१,६०७. शेष ०.

दातारांनी पेन्सिल उचलली. कागदावर भागून पाहिलं. शून्य. पुन्हा शून्य.

"गेलं गं, डोकं परत गेलं माझं! तू कर. मोबाइलवर कर."

नूपुरनं केलं. दशांशचिन्हच आलं नाही.

"भाग जातोय, बाबा."

दातारांना रडू कोसळलं. "म्हणजे डोकं ठिकाणावर आहे! मी फोडायला दिली, तो माझा शब्द राखायला फोडली गं त्यानं ती!" रिकाम्या जिन्याला त्यांनी वाकून नमस्कार केला.

गणितच हललं की काय, म्हणून नूपुरनं हळूच मोबाइलवर दहाला दोननं भागलं.

उत्तर पाचच आलं. फक्त यायला जरा वेळ लागला.