दुसऱ्या बाजूचा चेहरा

तहाभाई ओला कसा झाला? हम्मादनं पोलिसांना विचारलं, हॉस्पिटलात विचारलं, मय्यतीला आलेल्या रत्नागिरीच्या प्रत्येक माणसाला विचारलं. दुबई मरीनातल्या शेठच्या हॉलमध्ये, कोरड्या सोफ्यावर बसल्या बसल्या भाऊ मेला आणि त्याच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. विचारलं की सगळे एकच म्हणायचे, "सबर कर."

शेवटी भानुदासशेठ स्वतः शारजात, अल मजाजच्या त्यांच्या घरी आले. तहा त्यांचा ड्रायव्हर होता. शेठना जुन्या नाण्यांचा नाद. दारातच त्यांनी रुमालातलं सोन्याचं नाणं काढून तहाच्या पाच वर्षांच्या पोरीच्या, कशफच्या, हातात ठेवलं.

"जर्मनीचं आहे, चारशे वर्षांपूर्वीचं. दोन सख्खे भाऊ, राजे होते, एकाच दिवशी बुडून मेले. दफनाला आलेल्यांना वाटायला हे पाडलं. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा."

"मग आम्हाला कशाला?" हम्माद उसळला.

"तहानं धुतलं रे ते! मला सरप्राइज म्हणून! रिठ्याच्या पाण्यात, बायका बांगड्या धुतात तसं. धुतलं की जुन्या नाण्याची किंमतच जाते, कोण विचारतो?" मग शेठचा आवाज खाली आला. "थोरल्याचीच बाजू धुऊन झाली होती, तेवढ्यात तो गेला... आधी त्याचे डोळे उघडे होते, हम्माद. आता बघ."

थोरल्याचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या बाजूचा धाकटा, मळानं काळवंडलेला, टक लावून बघत होता.

शेठ लिफ्टलाही थांबले नाहीत, जिन्यानं उतरले.

हम्मादनं नाणं त्याच संध्याकाळी जवळच्या खालिद लगूनच्या पाण्यात भिरकावलं. सकाळी ते कशफच्या उशीखाली होतं, ओलं. पुन्हा फेकलं, पुन्हा आलं. घरात कापराचा वास सुटला, मय्यतीला आंघोळ घालताना सुटतो तसा. बंद नळाच्या आत कुणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज यायचा.

शुक्रवारी नमाजवरून तो परतला तेव्हा हुमेराभाभी किचनमध्ये होती. कशफ बाथरूममध्ये स्टुलावर उभी होती. बेसिन भरलेलं, एका हातात नाणं, दुसऱ्यात टूथब्रश.

"कशफ! काय करतेस?"

"चाचू, धिस वन इज स्टिल डर्टी," ती कुजबुजली. "ही कीप्स आस्किंग मी... अब्बा सेड नो. बट ही कीप्स आस्किंग."

त्यानं पोरीला उचलून बाहेर ठेवलं आणि आतून कडी लावली. फेकून काही होणार नव्हतं. तो धाकटा आंघोळ मागतच राहणार होता, आणि पोरीकडेच. हम्मादची शाळा सातवीतच सुटली होती, पण मय्यतीला आंघोळ घालणं त्याला येत होतं. भावाला त्यानंच घातली होती. मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणत त्यानं नाण्यावरच्या धाकट्याच्या उजव्या गालापासून सुरुवात केली.

अंगठ्याखाली सोनं मऊ लागलं. मग दाढी खरखरली. मग एक पापणी हळूच मिटली...

"हम्माद! दार का लावलंस?" बाहेरून भाभी.

मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर कोरं पांढरं कापड टाकलं.

तो वळला नाही. जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "काही नाही भाभी... कशफला घेऊन खाली पार्कात जा. यल्ला, निघा लवकर, मी आलोच."

चपला वाजल्या. कशफ काहीतरी विचारत होती. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज येईपर्यंत त्यानं दातांवर दात दाबून ओरडणं आवरून धरलं.