खुंटीवरची कुऱ्हाड

कणसं भाजून झाली ना? मग जवळ सरका. हे माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय. एवाल्दो त्याचं नाव. चर्चच्या पायरीवर कोणाशी न बोलता बसतो ना, तोच.

वरच्या उसाच्या मळ्यात तो मळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना जुना चरक फिरवून रस द्यायचा. याच चरकावर त्याची खापरपणजी लुझिया गुलाम होती. ऊस सारताना तिचा हात लोखंडी रुळांत गेला, आणि तो तोडला. त्यासाठीच खांबाच्या खुंटीला कुऱ्हाड कायम टांगलेली असे. हात तोडला की बाई वाचते, आणि चरक थांबवावा लागत नाही. असला मालकांचा हिशेब. थू त्यांच्यावर!

नव्या मालकाने, ऑतावियोने, ती कुऱ्हाड दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कुलूपबंद केली. पाहुणे बिचकतात म्हणे. एवाल्दोची आई म्हणाली, "खुंटी रिकामी ठेवून चरक फिरवू नये रे बाबा." एवाल्दो नुसता हसला.

गेल्या वर्षी, सां जुआंवच्या सणाची हीच रात्र. पाहुण्यांना रस हवा होता, म्हणून एवाल्दो चरकावर गेला. मागून ऑतावियो आला, पिऊन तर्र.

"सर बाजूला, म्हाताऱ्या! आज मी गुलाम. काढा रे माझा फोटो!"

एक कांडं सारलं. दुसरं सारलं.

रुळांनी बाही धरली.

बोटं गेली... मनगट गेलं. हाडं उसासारखीच कडकडतात, एवाल्दो सांगतो. पाहुणे किंचाळत पळाले. चरक पाण्यावर फिरणारा. पाणी तोडायला ओढ्यापर्यंत धावायचं, तोवर अख्खा माणूस आत जाणार.

"काका... वाचवा हो, काका!"

कोपर गेलं. एवाल्दोने खांबाकडे पाहिलं.

खुंटी रिकामी.

खाली एक बाई उभी. उजवी बाही नुसती लोंबत होती. डाव्या हातात कुऱ्हाड... दांडा याच्याकडे केलेला.

तो थबकला. खरं सांगतो पोरांनो, त्याच्या मनात आलं, जाऊ दे याला आत. बाईने कुऱ्हाड मागे घेतली नाही.

त्याने ती घेतली. एक घाव. हाडात अडली... दुसरा घाव.

काय गं जासिरा? वाचवलं कशाला, म्हणतेस? तेच तो पायरीवर बसून स्वतःला विचारत असतो.

ऑतावियो जगला. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं, कुऱ्हाड आत, गंजलेली.

सकाळी एवाल्दोनेच रूळ उघडले. चिपाडात ऑतावियोचा हात सापडला. थंडगार.

त्याखाली आणखी एक होता... लहानसा, बाईचा. तळव्याला घट्टे.

तो अजून ऊन होता.