टाळ्यांची खोली

दिवा जरा इकडे सरकवा, वन्सं. तुमच्या भावाचे डोळे कसे परत आले ते तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. एरवी मी हे बोलत नाही.

कारखान्यात वाफेनं त्यांचे दोन्ही डोळे भाजले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शस्त्रक्रिया झाली, पट्ट्या बांधल्या. डॉक्टर म्हणाले, "अकरा दिवस पट्टी काढायची नाही. रोज संध्याकाळी तपासायला या. जवळच कुठेतरी राहा." इस्पितळ समुद्राकाठच्या गावात होतं. चौकशी करता करता एक छोटंसं हॉटेल मिळालं. परवडण्याजोगं, पण नटवलेलं. निळ्या फरशा, वेताचे दिवे; आमच्या वाट्याला दोन खोल्या, ओट्याएवढं स्वयंपाकघर आणि समुद्राकडे उघडणारी बाल्कनी. तिसरा मजला, रांगेतली शेवटची जागा. मला तर देवानंच दिल्यासारखं वाटलं. पिशवीतून तांदूळ काढले, कोनाड्यात देव मांडले आणि नवस बोलले. ह्यांची दृष्टी परत येऊ दे. अकरा दिवस, आंघोळ झाल्यापासून दुपारी बारापर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही.

हे हसले. "तीस वर्षं मी जे मागत होतो ते देवानं आता दिलं! पण अगं, मला दिसत नाही, तू बोलणार नाहीस, मग आपला संसार चालायचा कसा?"

म्हणून टाळी ठरली. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

पहिले तीन दिवस छान गेले. हे विचारायचे, "ऊन चढलं का?" मी टाळी वाजवायची. बाहेर माडांच्या झावळ्या सळसळायच्या, उशांचे अभ्रे खाऱ्या हवेनं दमट व्हायचे. चौथ्या दिवशी मी तांदूळ धूत होते आणि आतून ह्यांचं हसणं ऐकू आलं. हात पुसत गेले.

"बरं केलंस मौन सोडलंस ते," हे म्हणाले. "घर कसं भरल्यासारखं वाटलं."

मी दोन टाळ्या वाजवल्या.

"आता कसल्या टाळ्या? आत्ता तर घडाघडा बोलत होतीस."

बारा वाजल्यावर मी म्हटलं, "अहो, मी एक अक्षर बोलले नाही."

"मग माझी दुसरी बायको असेल! तुझ्यापेक्षा गोड बोलते हो."

औषधांची गुंगी असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दाराशी थांबून कान दिला. खोलीत ह्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. आणि वन्सं, आवाज माझा होता. वाक्याचा शेवट मी गिळते ना, तसाच गिळलेला. सर्दीनं बसलेला घसासुद्धा माझाच. तो आवाज ह्यांना सांगत होता की, पहिलं बाळ गेलं तेव्हा मी तीन रात्री कपाटात तोंड घालून रडले होते. हे मी ह्यांना कधीच सांगितलं नव्हतं. फक्त देवापुढे बोलले होते...

हे रडत होते. "अगं, तेव्हाच का नाही बोललीस?"

मी दारात उभी. तोंडाला नवसाचं कुलूप.

खाली व्यवस्थापक बाई फुलदाणीतलं पाणी बदलत होत्या. बारानंतर त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "भिंती पातळ आहेत हो काकू. शेजारचं बोलणं येत असेल."

"शेजारी कोण राहतं?"

बाईंनी फुलं परत फुलदाणीत खोवली. "तुमच्या शेजारी... नाही कुणी. अलीकडे जिना, आणि तुमची शेवटची. पलीकडे समुद्रच की."

दुसरी खोली मागितली, तर एकही रिकामी नव्हती. गावात इतर ठिकाणीही तेच. त्यातून ह्यांना गावाबाहेर न्यायला डॉक्टरांची मनाई. ह्यांना समजवायला जावं, तर सकाळी मला बोलता येईना, आणि दुपारी बोलले की हे म्हणायचे, "सकाळी किती मायेनं बोलतेस, आणि आता ही कटकट." मौन सोडावं तर ह्यांचे डोळे जातील, ही धास्ती. मी माळ ओढत बसायची. आतून माझाच आवाज यायचा, माझ्याहून सुखी.

नववा दिवस. अकराचा सुमार असेल. वारा अचानक पडला, आणि ओल्या वाळूचा कुबट वास खोलीभर पसरला. मी ओट्यापाशी होते.

"अहो, बाहेर या ना... इथे छान गार आहे."

आवाज बाल्कनीतून आला होता. हे पलंगावरून उठले, हात पुढे करून चालू लागले. मी दोन टाळ्या वाजवल्या. परत दोन. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या.

"टाळ्यांकडे लक्ष देऊ नका," आवाज हळूच म्हणाला. "खाली मुलं खेळताहेत. अजून दोन पावलं..."

मी धावत जाऊन ह्यांचा दंड धरला. ह्यांनी हिसडा दिला, मी दाराच्या चौकटीवर आपटले. "कोण आहे? सोडा मला!" बाल्कनीचा कठडा ह्यांच्या जेमतेम मांडीपर्यंत. गुडघा कठड्याला लागला आणि हे पुढे वाकले.

"अहो, थांबा! मी इकडे आहे! मागे!"

हे थांबले. नवस मोडला होता. झावळ्यासुद्धा हलत नव्हत्या. कठड्यापलीकडचा आवाज एकदम बंद.

ह्यांनी पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवला आणि अदबीनं विचारलं, "तुम्ही कोण, बाई?"

मी पाय धरले. लग्नातल्या गोष्टी सांगितल्या, बाळाचं नाव सांगितलं. हे म्हणाले, "हे सगळं तिनंही सांगितलंय. ती कुठे गेली?"

पुढचे दोन दिवस ह्यांनी माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. व्यवस्थापक बाईंना बोलवून त्यांच्या हातून घेतलं.

अकराव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, ह्यांनी बरोबर मोजली. माझा चेहरा पाहिला, ओळखला, हात जोडले. मोडलेला नवसही देवानं पदरात घेतला, असं मला वाटलं, आणि मी तिथेच ढसाढसा रडले. अजूनही तसंच मानते. आता सुईत दोरा तेच ओवून देतात.

पण वन्सं, तेव्हापासून ते मला अगं म्हणत नाहीत. "अहो, तुम्ही जेवलात का?" म्हणतात. सून म्हणते, आजारपणानं बाबा सभ्य झाले. मीही हसते. म्हटलं, येईल हळूहळू. जुनी सवय कुठे जाते?

काल दुपारी मी गच्चीवर कपडे काढत होते. खालून हाक आली, "अगं, ऐकलंस का?"

जिवात जीव आला. कपडे तिथेच टाकून जिना उतरले. हे खिडकीशी बसले होते, डोळे गच्च मिटून. मी ओ द्यायला तोंड उघडलं. पावलांची चाहूल लागली असावी. त्यांनी डोळे न उघडताच माझ्या दिशेनं हात वर केला.

"जरा थांबता का?" म्हणाले. "ती बोलतेय."