फुटक्या माठातला केना

हिंगणघाटाजवळ नानाजींच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक शर्टवाला पालथा पडला होता. निंदायला आलेली त्यांची लेक रुख्मिणी आधी दचकली, मग तिला हसू फुटलं.

"काय हरवलं, साहेब?"

"फूल!" डोळ्याला लावलेलं भिंग न हलवता तो म्हणाला. "हा केना नेहमीचा नाही."

तो हरिदास, नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा. केना या तणाच्या साऱ्या जाती त्याला पाठ. ही मात्र नवीच वाटत होती. पण केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटतं, आताही मिटलेलंच होतं, आणि कागदात दाबलं तर नुसता डाग उरतो.

"फुलाचं वर्णन नसेल तर ही जात नवी आहे, हे कोणी मानणार नाही. रविवारी येतो."

जाताना त्यानं दोनदा वळून पाहिलं... केन्याकडेच, असं रुख्मिणीनं स्वतःला बजावलं.

रविवारी येऊन पाहतो तर काय, धुऱ्यासकट शेत स्वच्छ निंदलेलं! केना म्हणजे पिकाचा वैरी. बायांनी मुळासकट उपटला होता. हरिदास मटकन खाली बसला.

"असे काऊन बसले? चाला घरी," रुख्मिणी म्हणाली.

परसात फुटक्या माठात केना तरारला होता. "एक तुकडा लावला मी. केना असा मरते काय?" ती म्हणाली. "आता फूल मिटलं, सकायी पाहाजा. साध्या केन्याले लाल लव अस्ते, याले नाई. अन् फूल ज्या पानाच्या घडीतून निंगते, ते याची बुडापर्यंत मोकयी हाय."

"हे कधी पाहिलंत?"

"तुमी गेल्यापासून... रोज." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

तो नानाजींकडे मुक्कामाला राहिला. सकाळी दोन डोकी माठावर वाकली, आणि फूल मिटेपर्यंत हरिदास लिहीत होता.

दिवाळीआधी तो लेख घेऊन आला. लेख इंग्रजीत, म्हणून शेवटची ओळ त्यानं तिला मराठीत सांगितली – "या फुलासाठी मी रुख्मिणी नानाजी यांचा आभारी आहे."

तिचे डोळे भरून आले. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून तिचं नाव कुठल्या कागदावर चढलं नव्हतं. तरी तिनं नकारार्थी मान हलवली.

"आवडलं नाही?"

"नाव राहू द्या," पदराचं टोक चाळवत ती म्हणाली. "आभार खोडा."

"का?"

"आभार... परक्याचे मानतेत."

हरिदासनं घसा खाकरून आत हाक दिली, "नानाजी, जरा बोलायचं होतं!"

रुख्मिणी परसात पळाली. आजवर ज्याला शिव्या देत खुरप्यानं उपटलं, त्या केन्यापुढे तिनं चक्क हात जोडले.