गवताची बाजू

किल्ल्यासाठी रचलेली मातीची टेकडी पावसात एका बाजूने घसरली. वरचं लाकडी कुंपण कोसळलं आणि पहारेकरी अँस्गर त्याखाली मेला. पायथ्याशी कुणीतरी खणलेलं भुयार सापडलं. नॉर्मन सरदाराने लगेच इथेल या वेल्श मजुराला बांधलं. संध्याकाळी फाशी.

दुभाषी केनरिकने तेवढी मुदत मागून घेतली. भानगडींचा छडा लावायला लोक त्यालाच बोलवत. सोबत शिपाई टर्स्टिन होता.

"वेल्श आहे, त्यानेच केलं," टर्स्टिन म्हणाला. "त्यात बघायचं काय?"

"भुयाराचं तोंड बघ."

ते गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्यांनी नीट झाकलेलं होतं. गवत वर, हिरवंगार. बाकी टेकडीभर लाद्या उलट्या, गवत खाली दाबून रचलेल्या. तशाने माती धरून राहते.

केनरिक आत रांगत गेला. भुयार टेकडीवरच्या लाकडी बुरुजाकडे जात नव्हतं. टेकडीखालच्या जुन्या जमिनीलगत उत्तरेकडे वळून ते मध्येच थांबलं होतं.

इथेल म्हणाला, "दादा, मी डोंगरापलीकडचा. टेकडी अर्धी झाल्यावर मला धरून आणलं. खाली काय पुरलंय ते मला काय ठाऊक?"

टेकडीच्या आधी इथे काय होतं, ते केनरिकने मुकादम सायरेडला विचारलं. म्हातारा इंग्रज, याच गावचा.

"घरं होती. उत्तरेला चर्च." सायरेड खाली बघत होता. "इथेल लाद्या गवत वर करून लावायचा. थोबाडीत दिल्या तेव्हा शिकला."

"झालं की मग," टर्स्टिन म्हणाला. "चला जेवायला."

केनरिक मात्र सायरेडला भुयारापाशी घेऊन गेला.

"बुरूज पाडणारा बुरुजाखाली खणतो, काका. हा चर्चच्या आवाराकडे, गावच्या थडग्यांकडे निघाला होता. ते आवार इथेलने कधी पाहिलंच नाही. आणि मार खाऊन शिकलेला इथेल आता चुकून तरी गवत वर ठेवेल का? टेकडी रचणारा तशी लादी लावत नाही. थडगं झाकणारा लावतो. तिथे कोण आहे?"

सायरेडने लादीवरच्या गवतावरून हात फिरवला.

"लिओव्हा. माझी बायको. सरदाराला विनवलं, आधी तिला हलवू द्या. तो हसला. मग मीच तिच्यावर माती टाकली, टोपलीमागून टोपली." त्याने डोळे पुसले. "अँस्गर चांगला पोरगा होता रे. पाऊस आत मुरेल हे मला कळायला हवं होतं."

"तिच्यापर्यंत किती उरलं होतं?"

"हातभर असेल."

केनरिकला वाटलं, विचारलंच नसतं तर बरं झालं असतं.

"चल," सायरेड म्हणाला. "त्या इथेलला सोडव."

संध्याकाळी इथेल सुटला आणि सायरेड फासावर गेला.

सकाळी भुयार बुजवायचा हुकूम आला. इथेलने आधी हातभर पुढे खणलं. टर्स्टिनने सायरेडचा देह खांद्यावरून आणला. त्यांनी त्याला लिओव्हाशेजारी ठेवलं आणि भुयार बुजवलं.

शेवटची लादी हातात घेऊन टर्स्टिन थांबला. "कशी लावू?"

"गवत वर," केनरिक म्हणाला.